चौथ्या मजल्यावरून सतराव्याला

जिनाकाकू लग्न होऊन आल्या त्या थेट जिन्याखालच्या खोलीत. आमची इमारत तेव्हा तीन मजल्यांची होती, तिला एकच जिना होता, आणि त्या जिन्याच्या पोटात ही तिरक्या छताची खोली. काकूंचे यजमान इमारतीचा पाण्याचा पंप चालवायचे म्हणून ती त्यांना भाड्याने मिळालेली. खोलीत दारातून ताठ शिरायचं, मध्यावर वाकायचं आणि टोकाला पोचेपर्यंत खाली बसायचं. टोकाला स्टोव्ह होता. "स्वयंपाक बसूनच करायचा असतो ना, मग बरोबरच आहे की," असं काकू म्हणायच्या. त्यांना ही सवयच आहे. कुठल्याही गैरसोयीत त्या सोय शोधून काढतात आणि वर आपल्यालाच समजावतात.

आमच्या आईकडे त्या स्वयंपाकाला यायला लागल्या तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. जिनाकाकू हे नाव माझ्या दादाने ठेवलं आणि इमारतीने उचललं. त्या दोन जिने चढून पुढच्या दाराने आत यायच्या, कारण मागचं दार कुणी बांधलंच नव्हतं. येता-जाता त्यांच्या डोक्यावरून सगळ्या इमारतीची पावलं जायची, त्यामुळे कोण किती वाजता घरी आलं हे त्यांना झोपेतही कळायचं. इमारतीत लफडं करायची कुणाची टाप नव्हती. आई त्यांना "अगं" म्हणायची, त्या आईला "वहिनी" म्हणायच्या, आणि दोघी मिठावरून कचाकचा भांडायच्या. भांडण झालं की जेवायला एकत्र बसायच्या.

पुढे दादा एका थंड देशात गेला, मी एका गरम देशात. दोन्हीकडे आम्ही परके, त्यामुळे आपल्या देशाची काळजी करायला आम्हाला भरपूर वेळ असतो. सुट्टीच्या दिवशी आमच्यासारखी माणसं कुणाच्या तरी घरी जमतात, पोटभर जेवतात आणि मग आपल्याकडे प्रगती झाली की नुसताच पैसा आला, यावर वाद घालतात. दादाकडे या वादासाठी एक पक्कं माप आहे. तो विमानातून उतरला की आधी विमानतळावरच्या संडासात जातो. यंदा तिथे साबण होता, असं त्याने मला मोठ्या गंभीरपणे फोन करून सांगितलं. मी म्हटलं, अभिनंदन.

मग आमची इमारत पाडली आणि त्या जागी बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला. भाडेकरूंनाही घरं द्यायची असा कायदा होता, म्हणून बिल्डरने नाक मुरडत दिली. सतराव्या मजल्यावर आईला तीन खोल्या मिळाल्या आणि चौथ्यावर जिनाकाकूंना एक खोली, एक स्वयंपाकघर आणि एक बाल्कनी. त्या घराचं छत सगळीकडे सारख्याच उंचीवर होतं. काका स्वयंपाकघरात वाकूनच शिरायचे. काकू म्हणायच्या, "अहो, ताठ चला, आता मालक आहात." ते ताठ चालायला शिकले आणि वर्षभरात गेले. पंप तेव्हा आपोआप चालू-बंद व्हायला लागला होता, त्यामुळे इमारतीत कुणाचं काही अडलं नाही.

दादाला या सगळ्याचं फार कौतुक. "बघ," तो मला म्हणाला, "जिन्याखालची बाई आज फ्लॅटची मालकीण आहे. तुम्ही म्हणता पैसा झिरपत नाही. हा बघ झिरपला." त्याच्या देशातल्या जेवणावळींत तो काकूंची गोष्ट सांगायला लागला. आमच्या काकू अशा रीतीने परदेशी गेल्या, तिकीट न काढता.

आता लिफ्टबद्दल सांगायला हवं. टॉवरला पुढच्या बाजूला दोन लिफ्ट आहेत. त्यांत आरसे आहेत, गाणं वाजतं आणि कसला तरी लिंबासारखा वास येतो. बटणं नाहीत. प्रत्येक घराला एक कार्ड दिलंय, ते टेकवलं की लिफ्ट आपल्याला मुकाट आपल्या मजल्यावर नेते. उगाच कुणी कुणाच्या मजल्यावर जाऊ नये म्हणून. पाहुणे आले तर घरच्या माणसाने खाली जाऊन त्यांना घेऊन यायचं. मागच्या बाजूला तिसरी लिफ्ट, ती सामानासाठी, कचऱ्यासाठी आणि कामाला येणाऱ्यांसाठी. तिला आत साधी बटणं आहेत आणि ती प्रत्येक मजल्यावर थांबते, पण मजल्यावर तिला बोलवायचं बटण नाही; ती मागच्या गेटचा वॉचमनच पाठवतो, आणि कामाला आलेल्यांनी तिथेच चढायचं, तिथेच उतरायचं. म्हणजे आमच्या इमारतीत कुणाच्याही घरी जायची मोकळीक उरली ती फक्त कचऱ्याला.

जिनाकाकू चौथ्या मजल्यावर मालकीण होत्या आणि सतराव्यावर कामाला होत्या. त्यामुळे त्यांचा दिवस असा सुरू व्हायचा. दाराला कुलूप लावून त्या आरशाच्या लिफ्टने तळमजल्यावर यायच्या. पुढचा वॉचमन उभा राहून म्हणायचा, "गुड मॉर्निंग मॅडम." मॅडम गेटबाहेर पडायच्या, इमारतीला वळसा घालायच्या, गाड्यांच्या उतारावरून जपून खाली जायच्या आणि मागच्या गेटला यायच्या. तिथला वॉचमन बसल्या बसल्या म्हणायचा, "ए मावशी, पिशवी दाखव." दोघे वॉचमन एकाच एजन्सीचे, एकाच खोलीत राहणारे. मग काकू कचऱ्याच्या डब्यांबरोबर सतराव्यावर. परतताना हेच सगळं उलटं.

मी सुट्टीवर आले तेव्हा हा प्रकार बघून माझं डोकं फिरलं. काकू मात्र म्हणाल्या, "अगं ताई, उलट बरं आहे. नोकरीवर गेल्यासारखं वाटतं. आधी दोन जिने चढले की लगेच काम. आता कसं, जरा चालणं होतं, चार माणसं दिसतात."

एकदा आईने त्यांना आपला जुना मिक्सर दिला. मागच्या वॉचमनने अडवलं. "वस्तू बाहेर नेताय, घरमालकाची परवानगी लागेल."

"बाहेर कुठे? चौथ्यावर नेतेय."

"पण चौथ्यावर बाहेरूनच जाणार ना?"

काकूंनी मिक्सर खाली ठेवला. त्याने इंटरकॉमवरून आईला विचारलं, आईने त्याला दोन शब्द सुनावले, मिक्सर सुटला. काकू वळसा घालून पुढच्या दाराशी आल्या तर तिथला वॉचमन धावला. "मॅडम, जड आहे, द्या इकडे." त्याने मिक्सर लिफ्टपर्यंत उचलून नेला. ही गोष्ट काकू पुष्कळ दिवस हसत हसत सांगत होत्या. मीही माझ्याकडच्या जेवणावळीत सांगितली, लोक पोट धरून हसले.

पण मग एका सकाळी आईला चक्कर आली. ती स्वयंपाकघरात खाली बसली, बसल्याची आडवी झाली. इंटरकॉम हाताशी होता म्हणून तिने चौथ्या मजल्याला लावला आणि नुसतं "अगं" म्हणाली. काकू तशाच निघाल्या. जिना होता, पण तेरा मजले चढायचं वय राहिलं नव्हतं. त्या खाली गेल्या, बाहेर पडल्या, वळसा घातला, मागच्या गेटला आल्या. मागची लिफ्ट विसाव्या मजल्यावर अडकवून ठेवलेली, कुणाचा तरी सोफा चढत होता. सोफा दारातून जाईना म्हणून त्याचे पाय काढत होते. काकू वर पोचल्या तेव्हा आई फरशीवर पडून छताकडे बघत होती आणि म्हणाली, "किती गं उशीर." हाडबीड मोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब.

त्या दिवशी काकूंना या गोष्टीत काही सोय सापडली नाही. मला फोन करून त्या म्हणाल्या, "ताई, वहिनी वर पडल्यात हे मला माहीत होतं, आणि मी खाली चालले होते गं. पाय वर ओढत होते आणि मी खाली जात होते. परत असं झालं तर मी पोचणार नाही." बोलता बोलता त्या रडायला लागल्या. काकांच्या वेळीही त्या इतक्या रडल्या नव्हत्या.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. आपलं कार्ड सतराव्या मजल्यावर चालावं. आईची संमती होती, माझी होती, दादाची होती. कमिटीचे अध्यक्ष, निवृत्त बँक मॅनेजर, म्हणाले की विषय सभेपुढे आणावा लागेल.

सभा खालच्या हॉलमध्ये झाली. परदेशातल्या मालकांसाठी भिंतीवर मोठा पडदा लावला होता, त्यात चौकोनाचौकोनातून आम्ही. दादाच्या मागे बर्फ दिसत होता. काकू धुवट कपडे घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या, कारण मालकांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांवर बसायचा त्यांना हक्क होता आणि तो त्यांनी पहिल्यांदाच वापरला. उभं राहून त्यांनी आपलं म्हणणं थोडक्यात सांगितलं. सोफ्याचं सांगितलं नाही, कारण सोफेवाल्या बाई समोरच बसल्या होत्या.

त्याच विसाव्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "आमचा माणसांत भेदभाव नाहीच. पण आज एकीला दिलं, तर उद्या सगळ्या कामवाल्या मागतील."

"सगळ्या इथे राहत नाहीत," मी पडद्यातून म्हटलं.

"ताई, तुमचा आवाज तुटतोय," अध्यक्ष म्हणाले. माझा आवाज अजिबात तुटत नव्हता.

मग दादा बोलला. त्याने सुरुवात केली ती देशाच्या अर्थव्यवस्थेपासून. रस्ते झाले, पूल झाले, आता माणसांची मनं बदलली पाहिजेत, असं तो म्हणाला, आणि हॉलमधल्या पुष्कळ माना हलल्या. तिकडे त्याच्या ऑफिसात साहेब आणि झाडूवाला एकाच लिफ्टने जातात हेही त्याने सांगितलं. "तत्त्वतः माझा काकूंना पूर्ण पाठिंबा आहे," तो म्हणाला. मी मनात म्हटलं, गेलं. तत्त्वतः हा शब्द आला की काम झालंच नाही असं समजावं. "पण," दादा म्हणाला, "इथे आमच्याकडे सिस्टीम म्हणजे सिस्टीम. कितीही मोठा माणूस असो, त्याच्यासाठी सिस्टीम वाकवत नाहीत. म्हणून हे देश पुढे गेले." शिवाय फ्लॅट विकायचा झाला तर गिऱ्हाईक सुरक्षेचंच आधी विचारतं, हे त्याने शेवटी हळूच जोडलं.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "खरं म्हणजे हा चर्चेचा विषयच नाही," ते म्हणाले. "मी माहिती घेतली आहे. या मशीनमध्ये एका कार्डाला एकच मजला. तशी सोयच नाही त्यात. आमची कितीही इच्छा असली तरी मशीन ऐकणार नाही."

हॉलमध्ये एकदम मोकळं वातावरण झालं. कुणाचा कुणावर राग राहिला नाही. दोष मशीनचा होता आणि मशीन सभेला आलेलं नव्हतं. विसाव्या मजल्यावरच्या बाई तर काकूंकडे बघून हसल्यासुद्धा.

काकू परत उभ्या राहिल्या. "मशीनलाच जमत नसेल तर कुणी काय करणार?" त्या म्हणाल्या. "मला तेवढं कळलं नाही. उगाच तुमचा सगळ्यांचा वेळ घेतला. माफ करा हं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाने आपल्या चौकोनातून अंगठा दाखवला.

मी त्याला नंतर फोन केला आणि जे बोलायचं ते बोलले. तो म्हणाला, "तू भावनेच्या भरात बोलतेस." आम्ही काही दिवस बोललो नाही. काकूंना फोन केला तर त्या माझीच समजूत घालायला लागल्या. "अगं, सगळे किती चांगलं बोलले. खुर्चीवर बसवलं, ऐकून घेतलं. जुन्या इमारतीत कुणी मला सभेला बोलावलं होतं का? मशीनचं राहिलं, ते काय, होईल पुढेमागे." त्यांनी आईला घंटा घेऊन दिली. ती वाजवून चौथ्या मजल्यावर ऐकू जाणार नव्हती, पण काहीतरी केल्याचं समाधान.

नंतरच्या सुट्टीत मी घरी आले त्याच आठवड्यात काकूंचा पाय मागच्या उतारावर मुरगळला. घोटा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी चालायला मनाई केली. स्वयंपाक त्या खुर्चीवर बसून करू शकत होत्या, पण वळसा घालणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, मी करते काहीतरी. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. माझ्या हातचं आई पूर्वीपासून औषधासारखं खाते.

"मीच जाते तिच्याकडे जेवायला," आई म्हणाली.

आईचं कार्ड चौथ्यावर थांबणार नव्हतं. काकू खाली घ्यायला येऊ शकत नव्हत्या. तेव्हा आई आणि मी आरशाच्या लिफ्टने तळमजल्यावर गेलो, वळसा घालून मागच्या गेटला आलो. वॉचमन नवीन होता.

"कुठे?" त्याने विचारलं.

"चौथ्या मजल्यावर," आई म्हणाली.

"कामाला?"

"हो."

"काय काम?"

"जेवायचंय," आई म्हणाली.

त्याने जरा विचार केला, मग पिशवी दाखवा म्हणाला. आईने दाखवली. त्यात तिचा चष्मा, गोळ्या आणि काकूंसाठी मलम होतं. लिफ्टमध्ये कचऱ्याचे दोन डबे होते, त्यांच्यामध्ये आई काठी टेकून उभी राहिली. तिला मजा वाटत होती. मला वाटत नव्हती. दार बंद होता होता अध्यक्ष उतारावरून आपली गाडी बघायला आले आणि त्यांनी आम्हाला पाहिलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

कुणीतरी फोटोही काढला असावा, कारण दुपारी तो इमारतीच्या ग्रुपवर आला. आई, काठी, दोन डबे. दादाच्या देशात तेव्हा पहाट होती. तो उठून बसला असणार. त्याने ग्रुपवर लिहिलं की त्याची आई या इमारतीच्या पहिल्या सभासदांपैकी आहे, तिला कचऱ्याबरोबर नेणं ही शरमेची गोष्ट आहे, आणि सुसंस्कृत समाजात वृद्धांना असं वागवत नाहीत. खूप मोठं लिहिलं होतं. सिस्टीमचा उल्लेख कुठे नव्हता.

संध्याकाळी अध्यक्षांनी स्वतः वर फोन करून आईला रिसेप्शनवर बोलावलं. आम्ही दोघी खाली गेलो. सभा नाही, पडदा नाही, ठराव नाही. लिफ्टच्या कंपनीचा माणूसही नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने आईचं कार्ड एका डबीवर ठेवलं, कॉम्प्युटरवर काहीतरी टिचकी मारली आणि विचारलं, "आजी, फक्त चौथा टाकू, की आणखी कुठला हवाय?"

"चौथाच पुरे," आई म्हणाली. अध्यक्ष छताकडे बघत होते.

आई तिथूनच चौथ्यावर गेली, मीही बरोबर होते. लिफ्ट गाणं वाजवत थांबली. आईला इतका आनंद झाला होता की काकूंच्या दारातूनच तिने सांगायला सुरुवात केली. "अगं, झालं! कार्ड झालं माझं. आता दोन्ही वेळेला पुढच्या लिफ्टने येईन. एवढीशी डबी आहे, तिच्यावर ठेवलं आणि झालं."

काकू खुर्चीवर बसून भाजी निवडत होत्या, पाय समोर स्टुलावर. "लगेच झालं?" त्यांनी विचारलं.

"लगेच म्हणजे लगेच. आणखी मजले हवेत का म्हणून विचारत होती."

मी आईचा दंड दाबला, पण तिला उशिराच कळतं. काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हणजे मशीनला जमत होतं," त्या म्हणाल्या.

आईचा चेहरा उतरला. मी घाईघाईने म्हटलं, "काकू, तुमचं कार्ड द्या. मी आत्ता खाली जाते आणि करून आणते. बघते कोण नाही म्हणतंय ते."

"नको."

"का नको? आता तर त्यांना नाही म्हणता येणार नाही."

"म्हणूनच नको," काकू म्हणाल्या. "मशीनला जमत नाही म्हणाले, तेव्हा मला काही वाटलं नाही गं. मशीनपुढे सगळे सारखेच. मी तर घरी येऊन काकांच्या फोटोला सांगितलं, सगळ्यांची इच्छा होती पण मशीनमुळे अडलं." त्यांनी शेंग ताटात टाकली. "आणि मी माफी मागितली, ताई. सगळ्यांसमोर उभी राहून, हात जोडून. त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी मला माफी मागू दिली. टाळ्या वाजवल्या."

आई त्यांच्याजवळ जाऊन बसली. तेवढ्यात माझा फोन वाजला. ग्रुपवर दादाने कमिटीचे जाहीर आभार मानले होते. एका दिवसात प्रश्न सुटला, यालाच खरी प्रगती म्हणतात, असं त्याने लिहिलं होतं, आणि खाली पुष्कळ लोकांनी अंगठे दाखवले होते.

"कोण आहे? दादा का?" आईने विचारलं. "काय म्हणतोय?"

"जेवलीस का विचारतोय," मी म्हटलं.

काकूंनी डोळे पुसले आणि भाजीचं ताट माझ्या हातात दिलं. "एवढं धुऊन आण," त्या म्हणाल्या. "वहिनींची गोळ्यांची वेळ झाली. आणि जाताना दार ओढून घे, लिफ्टमधलं ते गाणं आत येतं."